मोठ्या कंपनीसाठी सोशल मीडिया मार्केटिंग: बिलं मंजूर करणारीचं मत

मोठ्या कंपनीने सोशल मीडियावर घातलेले पैसे परत येतात का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे. येतात, पण दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलेले असतात त्यापेक्षा बरेच कमी. आणि जिथून आले असं रिपोर्ट म्हणतो, तिथून बहुधा आलेले नसतात.

मी मार्केटिंगमधली नाही, हिशेबातली आहे. रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत जाहिरातखर्चाचा हिशेब माझ्याकडे असतो. वर्षाचं बजेट ठरताना मी बैठकीत असते आणि एजन्सीचं बिल माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे पोस्ट किती देखणी होती, कॅप्शन किती चटपटीत होतं, यावर मी बोलणार नाही. पैसे मोजून कंपनीच्या पदरात काय पडलं, एवढंच सांगते.

ही सेवा घेताना एकाच बिलात चार वेगळ्या गोष्टी येतात: कंपनीचं पेज चालवणं, प्लॅटफॉर्मला पैसे देऊन दाखवलेल्या जाहिराती, इन्फ्लुएन्सर, आणि ग्राहकांच्या तक्रारी व चौकश्या हाताळणं. चारही कामांची बेरीज करून एकच आकडा समोर ठेवला की चांगल्या कामाच्या आड वाया गेलेला खर्च लपतो. म्हणून माझी पहिली मागणी हीच होती की चार ओळी वेगळ्या दाखवा. त्या मिळेपर्यंत बराच पाठपुरावा करावा लागला.

पेजचा निकाल सगळ्यात स्वच्छ आहे. पेजवरच्या फुकटच्या पोस्टमुळे मोठ्या कंपनीचा खप वाढत नाही. एके काळी लाइक गोळा करणं हेच मोठं काम मानलं जायचं. पण ज्यांनी पेज लाइक केलं त्यांनाही पोस्ट दिसतेच असं नाही. ओगिल्व्ही या जाहिरात एजन्सीने २०१४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, ऑक्टोबर २०१३ मध्ये फेसबुक पेजची पोस्ट साधारण १२ टक्के फॉलोअरपर्यंत पोचत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं, आणि पाच लाखांहून जास्त लाइक असलेल्या पेजचं तर २ टक्क्यांच्या आसपास होतं. पेज जितकं मोठं तितकी पोच कमी! त्याआधी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एरेनबर्ग-बास या मार्केटिंग-संशोधन संस्थेने फेसबुकवरचे २०० मोठे ब्रँड तपासले होते. नवे लाइक वगळले तर एखाद्या आठवड्यात ब्रँडविषयी काही बोलणारे, शेअर करणारे चाहते अर्धा टक्काही भरले नाहीत.

पेप्सीने २०१० मध्ये यावर फार मोठा डाव लावला होता. तेवीस वर्षं ‘सुपर बोल’ या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरात करणाऱ्या या ब्रँडने त्या वर्षी ती जागा सोडली आणि ‘पेप्सी रिफ्रेश’ हा उपक्रम काढला. लोकांनी समाजोपयोगी कल्पना मांडायच्या, ऑनलाइन मतं द्यायची, आणि निवडलेल्या कल्पनांना कंपनीने अनुदान द्यायचं. त्यासाठी २ कोटी डॉलर बाजूला काढले होते. मतं भरपूर पडली, लाइक लाखोंनी आले. त्याच वर्षी अमेरिकेत पेप्सी खपात दुसऱ्या क्रमांकावरून तिसऱ्यावर घसरली आणि डाएट कोक पुढे गेलं. एवढ्या घसरणीला एकच कारण नसतं, हे मला मान्य आहे. तरी लाइक वाढत असताना खप उतरू शकतो, हे एवढं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

यशाचं उदाहरण म्हणून डेल या संगणक कंपनीचं नाव घेतात. ट्विटरवरच्या खात्यामुळे तोवर ३० लाख डॉलरची विक्री झाली, असं डेलने जून २००९ मध्ये सांगितलं. त्याच सुमाराच्या आर्थिक वर्षात डेलची एकूण विक्री ६,१०० कोटी डॉलरच्या घरात होती. भागाकार केला तर वीस हजार डॉलरमागे एक डॉलर येतो. तो डॉलर जवळजवळ खर्चाशिवाय आला, त्यामुळे डेलने केलं ते योग्यच केलं. पण छोट्या दुकानदाराचं आयुष्य बदलून टाकणारी रक्कम मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात दिसतसुद्धा नाही, आणि मोठ्या कंपनीने ही सेवा घेताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवलं पाहिजे.

आता खरा पैसा जातो तिकडे वळते, म्हणजे पैसे देऊन दाखवलेल्या जाहिरातींकडे.

जाहिरात कोणाला दाखवायची हे प्लॅटफॉर्मची यंत्रणा ठरवते. तिला काम दिलेलं असतं खरेदी करतील अशी माणसं शोधण्याचं, आणि ते ती चोख करते. काल जो माणूस आमच्या साइटवर येऊन वस्तू कार्टमध्ये टाकून गेला, त्याच्यासमोर आज आमची जाहिरात येते. उद्या तो खरेदी करतो आणि ती विक्री जाहिरातीच्या नावावर जमा होते. फेसबुक, इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटाच्या जाहिरातींत नेहमीची सेटिंग अशी असते की क्लिकनंतर सात दिवसांत खरेदी झाली, किंवा जाहिरात नुसती समोरून गेल्यानंतर एका दिवसात झाली, तरी श्रेय जाहिरातीला. मोठ्या कंपनीचे ग्राहक तिला आधीपासून ओळखतात, वर्षानुवर्षं तोच माल घेतात. अशा माणसाला त्याच्या नेहमीच्या खरेदीच्या आदल्या दिवशी जाहिरात दाखवली की रिपोर्टमध्ये रिटर्न उत्तम दिसतो.

म्हणून माझा प्रश्न एकच असतो. ही जाहिरात दिसली नसती तर ही खरेदी झाली नसती का?

ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट चालवणाऱ्या ईबेने हा प्रश्न स्वतःला विचारला होता. गूगलसारख्या सर्च इंजिनवर कोणी ‘ईबे’ हेच नाव शोधलं तरी वर ईबेची जाहिरात यायची आणि प्रत्येक क्लिकचे पैसे जायचे. कंपनीसोबत काम करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी या जाहिराती बंद करून पाहिल्या, तर जवळजवळ सगळे, ९९.५ टक्के लोक, खालच्या फुकटच्या लिंकवरून साइटवर आले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सर्चचा होता, सोशल मीडियाचा नव्हता, पण दुखणं तेच आहे. खास फेसबुकपुरतं बोलायचं तर २०१९ मध्ये फेसबुकवरच्या १५ मोठ्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्याच्या लेखकांत फेसबुकची माणसंही होती. या प्रयोगांत काही लोकांना जाहिरात मुद्दाम दाखवली नव्हती, त्यामुळे खरा परिणाम कळत होता. तोच परिणाम असा वेगळा गट न ठेवता, नेहमीच्या सांख्यिकी पद्धतींनी काढून पाहिला, तेव्हा तो बरेचदा खूप फुगून आला.

आम्हीही आमच्याकडे चाचणी घेतली. खपाच्या दृष्टीने मिळतेजुळते विभाग निवडले आणि चिठ्ठ्या टाकून त्यातल्या अर्ध्यांत सोशल मीडियाच्या जाहिराती बंद ठेवल्या. विक्रीप्रमुखांचा विरोध होता आणि तो समजण्यासारखा होता, कारण टार्गेट चुकलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. शेवटी वरच्यांनी परवानगी दिली. आमचं सगळ्यात जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं उत्पादन घेतलं तर जाहिरात चालू असलेल्या आणि बंद असलेल्या विभागांच्या खपात नजरेत भरेल असा फरक पडला नाही. साइटवर येऊन गेलेल्यांच्या मागे लागणारी रिटार्गेटिंगची जाहिरात बंद केली, तिथेही तेच. नुकतंच बाजारात आणलेलं उत्पादन मात्र जाहिरात बंद असलेल्या विभागांत स्पष्टपणे मागे राहिलं.

एजन्सीच्या अकाउंट मॅनेजरला मी हे आकडे दाखवले. तो म्हणाला, “मॅडम, पण डॅशबोर्डवर तर जुन्या प्रॉडक्टचाच रिटर्न सगळ्यात चांगला आहे.”

मी म्हटलं, “आहे ना. पण बंद ठेवलेल्या विभागांतही माल तेवढाच गेलाय. तो कोणी विकला?”

त्याने वाद घातला नाही. सगळी शीट मागून घेतली आणि पुढच्या प्लॅनमध्ये स्वतःहून रिटार्गेटिंगची रक्कम खाली आणली. ही दाद त्याला द्यायला हवी, कारण त्यांच्या कमिशनचा हिशेब खर्चाच्या टक्केवारीवर होता.

हे आमच्यापुरतंच असेल म्हणावं, तर जगातल्या सगळ्यात मोठ्या जाहिरातदारांपैकी एक असलेल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ च्या एप्रिल ते जून तिमाहीत डिजिटल जाहिरातींचा खर्च १० कोटी डॉलरहून जास्त कमी केला. विक्रीच्या वाढीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असं कंपनीने सांगितलं. त्यांचे मुख्य ब्रँड अधिकारी मार्क प्रिचर्ड यांनी पुढच्या वर्षी सांगितलं की २०१७ मध्ये एकूण २० कोटी डॉलर वाचवले, ते दुसरीकडे लावले, आणि उलट १० टक्के जास्त लोकांपर्यंत पोचता आलं. त्याआधी २०१६ मध्येच त्यांनी फेसबुकवर नेमक्या गटांना निवडून जाहिरात करणं कमी करायचं ठरवलं होतं, कारण तो गट फारच अरुंद होत गेला होता. साबण, डायपर, टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीला अरुंद गट कशाला हवा? तिला जास्तीत जास्त माणसं हवीत.

आदिदासचे सायमन पील यांनी २०१९ मध्ये आपल्या कंपनीचा हिशेब उघडपणे मांडला. त्यांच्या खर्चातले ७७ टक्के लगेच विक्री दाखवणाऱ्या जाहिरातींवर जात होते आणि २३ टक्के ब्रँडवर, म्हणजे नाव लोकांच्या मनात रुजवणाऱ्या जाहिरातींवर. प्रत्यक्षात दुकानं, घाऊक आणि ऑनलाइन धरून ६५ टक्के विक्री ब्रँडच्या जाहिरातींमुळे होत असल्याचं त्यांच्या आर्थिक मॉडेलने दाखवलं. जे लगेच मोजता येतं तिकडे पैसा ओढला जातो. मी हिशेबातली असल्याने मला हे जास्त जाणवतं, कारण तो ओढा आमच्याच विभागातून सुरू होतो. मार्केटिंगवाल्यांना दर महिन्याला पुरावा मागणारे आम्हीच असतो.

इथे दुसऱ्या टोकाला जाऊन “सोशल मीडियाचा काही उपयोग नाही” म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. एकेका माणसाची खरेदी इतकी वरखाली होत असते की जाहिरातीचा छोटासा परिणाम त्यात सापडणं फार अवघड असतं. रँडल लुइस आणि जस्टिन राव या अर्थशास्त्रज्ञांनी २५ मोठे प्रयोग तपासले, त्यांचा निबंध २०१५ मध्ये आला. लाखो लोकांवर केलेल्या प्रयोगांतसुद्धा जाहिरात फायद्यात गेली की तोट्यात, हे बरेचदा खात्रीने सांगता येत नव्हतं. त्यामुळे चाचणीत फरक दिसला नाही याचा अर्थ परिणाम शून्य होता असा होत नाही. आमच्या जुन्या उत्पादनाचा निकालही मी असाच वाचते. परिणाम असेल, पण रिपोर्टमध्ये लिहिला होता तेवढा असता तर आम्हाला तो दिसलाच असता.

छोट्या धंद्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे. जुलै २०२० मध्ये द्वेषपूर्ण मजकुराच्या निषेधार्थ एक हजाराहून जास्त कंपन्यांनी फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या. त्यांत युनिलिव्हर, कोका-कोला, स्टारबक्स अशी नावं होती. तरी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत फेसबुकचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी वाढून सुमारे २,१४७ कोटी डॉलर झालं. मोठी नावं बाजूला झाली तरी लाखो छोटे जाहिरातदार होते, आणि त्यांच्यासाठी ही जाहिरात खरोखर काम करते, कारण त्यांना कोणी ओळखतच नसतं. त्यांना मिळालेला बहुतेक प्रत्येक ग्राहक नवा असतो. त्यांच्या यशाची उदाहरणं दाखवून मोठ्या कंपनीला तीच सेवा विकली जाते, तिथे मी थांबवते.

मग मोठ्या कंपनीने काय घ्यावं? माझ्या मते मुख्यतः पोच. टीव्ही न बघणारी तरुण माणसं इथे आहेत, वर्षातून एखाद-दोनदाच आपला माल घेणारी माणसंही इथे आहेत, आणि वाढ अशाच लोकांकडून येते. त्यांच्यापर्यंत साधी, लक्षात राहणारी जाहिरात स्वस्तात पोचत असेल तर ती घ्यावी. जाहिरातींचा खपावरचा परिणाम मोजणाऱ्या नील्सन कॅटलिनाने २०१७ मध्ये जाहिरातीमुळे होणाऱ्या विक्रीचा वाटा कशाकशाला जातो ते मांडलं होतं. त्यात जाहिरातीच्या स्वतःच्या दर्जाला ४७ टक्के, पोच किती याला २२ टक्के आणि टार्गेटिंगला, म्हणजे नेमकी माणसं निवडून जाहिरात दाखवण्याला, ९ टक्के मिळाले. आम्हाला विकताना मात्र सगळ्यात जास्त वेळ टार्गेटिंगच्या कौतुकात जातो, आणि जाहिरात बनवायला उरलेले पैसे वापरतात. मोबाइलवर अंगठा थांबेल, आवाज बंद असतानाही पहिल्या दोन सेकंदांत नाव कळेल, अशी जाहिरात बनवणं हे कसबाचं काम आहे. त्यासाठी जास्त पैसे मागितले तर मी लगेच सही करते.

चांगलं वापरणारेही आहेत. ‘एल्फ’ या अमेरिकन सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने २०१९ मध्ये टिकटॉकसाठी खास गाणं तयार करून घेतलं आणि लाखो लोकांनी त्यावर आपले व्हिडिओ केले. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री ७७ टक्क्यांनी वाढून १०० कोटी डॉलरच्या वर गेली. त्यांचा माल स्वस्त आहे, दुकानांत त्यांना जागाही वाढत्या प्रमाणात मिळत गेली. म्हणजे व्हिडिओ बघून माणूस दुकानात गेला तर माल समोर होता. युनिलिव्हरच्या नव्या प्रमुखांनी २०२५ मध्ये जाहिरातखर्चातला निम्मा वाटा सोशल मीडियावर नेणार असं जाहीर केलं, आधी तो ३० टक्के होता. त्याचा हिशेब पुढच्या काही वर्षांत दिसेल आणि मी तो बारकाईने बघणार आहे.

इन्फ्लुएन्सरबद्दल थोडक्यात. फॉलोअर विकत घेणाऱ्यांसोबत काम करणार नाही, असं युनिलिव्हरला २०१८ मध्येच जाहीर करावं लागलं होतं. आणि परिणाम उलटाही होतो, तोही जोरात. एप्रिल २०२३ मध्ये एका इन्फ्लुएन्सरच्या एका पोस्टवरून बड लाइट या बिअरवर अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला, आणि त्याच वर्षी तिची खपातली पहिल्या क्रमांकाची जागा मोडेलो या दुसऱ्या बिअरकडे गेली.

चौथी ओळ, तक्रारींची, रिपोर्टमध्ये नेहमी शेवटच्या पानावर असते. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसली, तेव्हा केएलएम या डच विमान कंपनीचे फोन लागेनात, आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनी फेसबुक आणि ट्विटरवर प्रवाशांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. पुढे तीच त्यांची कायमची सेवा झाली. आमच्याकडे एका बाटलीच्या झाकणातून गळती होत असल्याचं सगळ्यात आधी मेसेजमधून कळलं. ग्राहकांनी पाठवलेल्या फोटोंवरचे बॅच नंबर जुळवले तर सगळे कारखान्यातल्या एकाच लाइनवरचे निघाले. वितरकांमार्फत ही गोष्ट वर यायला खूप उशीर झाला असता आणि तोवर तो माल दूरवर पसरला असता. जे वाचलं ते एकाही डॅशबोर्डवर आलं नाही. उत्तरं देणाऱ्या मुली कंत्राटावर होत्या, त्यांच्या कामाची रक्कम बजेटमधली सगळ्यात छोटी होती. ती मी वाढवून घेतली आणि त्यासाठी भांडले.

आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा वेगळाच विषय. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा दोन वर्षं फुगलेला होता, कारण तीन सेकंदांहून कमी पाहणाऱ्यांना हिशेबातूनच वगळलं होतं. जाहिरातदारांचा खटला २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर मिटला. शिवाय व्हिडिओचा निम्मा भाग दोन सेकंद पडद्यावर राहिला की तो ‘दिसला’ असं धरण्याची उद्योगाची मान्य पद्धत आहे. म्हणून स्वतःच्या विक्रीचे, गोदामातून निघालेल्या मालाचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मी प्लॅटफॉर्मचे आकडे वाचत नाही.

तुमच्या कंपनीत ही सेवा नव्याने घेत असाल किंवा करार वाढवत असाल, तर जाहिरात बंद ठेवून चाचणी घेण्याची अट करारातच घाला. नंतर मागितली तर कोणी देत नाही. एजन्सीचा मोबदला खर्चाच्या टक्केवारीवर न ठेवता कामावर ठरवा. रिटार्गेटिंगची रक्कम वेगळी दाखवायला सांगा. आणि चाचणी पुरेशी लांब ठेवा. वितरकाकडे आणि दुकानात माल साठलेला असतो, त्यामुळे ग्राहकाने घेणं कमी केलं तरी कंपनीच्या बिलात ते उशिरा दिसतं. आमच्या नव्या उत्पादनाचा फरक सुरुवातीच्या आठवड्यांत दिसलाच नव्हता आणि तेव्हाच निकाल लावायची घाई चालली होती. शक्य असेल तर वितरकाला गेलेल्या मालाचे आकडे बाजूला ठेवून दुकानातून ग्राहकाकडे गेलेल्या मालाचे आकडे घ्या. ते मिळवायला विक्री विभागाची मनधरणी करावी लागते, पण चाचणी सुरू करण्याआधीच ती करून ठेवा.